बिडी सुटली, पाय थंडच

११ नोव्हेंबर १९९३, गुरुवार

"बीड़ी रखो या पैर रखो. दोनों नहीं रहेंगे." डॉ. पटेरियांनी आज यांना तोंडावर सांगितलं. नेपियर टाउनमधला त्यांचा दवाखाना, बाहेर ही गर्दी, आणि आत आमच्या वाट्याला हे एवढं वाक्य.

डाव्या पायाची करंगळी. बुटानं घासली, साधी जखम. दसऱ्याच्या आधीची. मी हळद लावली, कंपाउंडरकडून मलम आणलं, शुगर तपासली – शुगर नाही. तरी सुकत नाही. उलट बोट निळं पडत चाललं. डॉक्टरांनी पायाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवली आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मग मलाही तिथं बोट ठेवायला लावलं. "कुछ लग रहा है, मैडम?" काहीच लागत नव्हतं. घरी येऊन माझ्या पायावर तीच जागा चाचपली. तिथं ठकठक चालू आहे. यांच्या पायात नाही. बिडीनं नसा आकसल्या, रक्तच खाली पोचत नाही. चाळिशीच्या आसपासच्या बिडीवाल्यांना होतो म्हणे हा रोग. इंग्रजी नाव सांगितलं, ते राहू दे.

हे म्हणाले, "साहब, फैक्टरी में तो पीता ही नहीं." खरं आहे. यांच्या सेक्शनात दारूगोळ्याचं काम, गेटवर झडती होते, काडेपेटी आत नेली तर नोकरी जाईल. डॉक्टर म्हणाले, "और गेट के बाहर?" मग मीच सांगितलं, की बाहेर पडल्या पडल्या एकीवर एक. सकाळी आत जायच्या आधीही तसंच, उंटानं पाणी भरून घ्यावं तसं. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी चुगली केली.

परत येताना ऑटोत खिशातून बंडल आणि काडेपेटी काढली, माझ्या मांडीवर ठेवली. "घे. आता तूच माझी मास्तरीण." घरी येऊन बंडल बादलीत बुडवलं. पाणी चहासारखं झालं.

१३ नोव्हेंबर

शाळेला दिवाळीची सुट्टी. शेजारी फटाके, आमच्या घरात हे. पिंजऱ्यातल्या वाघासारखे नाहीत, वाघ परवडला. खुर्चीतून खाटेवर, खाटेवरून दारात. प्रतिमानं पाण्याचा ग्लास दिला तर तिच्यावर ओरडले. मग स्वतःच जाऊन तिला "सॉरी बेटा" म्हणाले. नववीतली पोर, ती काय बोलणार. "इट्स ओके पापा," म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

१६ नोव्हेंबर

नवीनच पंचाईत. बिडी नाही तर पोट साफ होत नाही. तीन सकाळी वाया. पोटावर हात ठेवून बसून आहेत, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. एरंडेलही देऊन झालं. "बिडीशिवाय होत नाही नंदा, सवय पडली न." मी म्हटलं, त्यात काय! माझी डबी घ्या.

माझी गुडाखूची डबी. काळं ओलसर दंतमंजन, बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायचं. गोंदियाला आमच्या आईकडे सगळ्या बायका पहाटे अंगणात बसून हेच घासायच्या, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून घासते. दात चकाचक, डोकं हलकं, आणि पोटाचं तर विचारूच नका. मी यांना बोटावर किती घ्यायचं ते दाखवलं.

थोड्या वेळानं संडासातून बाहेर आले ते हसत! किती दिवसांनी हसले. "मस्त चीज आहे तुझी ही," म्हणाले. चहा मागून घेतला, पेपर वाचला, प्रतिमाच्या गणिताच्या वहीवर सही केली. चला, एवढं तरी माझ्या हातून झालं.

२२ नोव्हेंबर

खोकला वाढला. बिडी सोडून खोकला वाढतो, हे कसलं? काळा-काळा कफ पडतो. मी घाबरून डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणतात चांगलं आहे, फुप्फुसात झाडू फिरतोय, इतक्या वर्षांचा धूर निघणार तर काळाच निघणार. महिन्याभरात थांबेल. पायाची पट्टी बदलली. पायाबद्दल काही बोलले नाहीत.

हे आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा दात घासतात. स्वतःहून. लग्नाला सोळा वर्षं झाली, संध्याकाळी दात घासलेला हा माणूस मी पहिल्यांदा पाहतेय.

५ डिसेंबर

शाळेतून आले, तर दारातच विचारतात, "मेथी आणली का?" पिशवी अजून माझ्या हातात, बंद. म्हटलं कसं कळलं? "वास आला." मग घरभर फिरून वास घेत बसले. प्रतिमाच्या कंपासपेटीतला रबर. उशी. माझी साडी. म्हणाले, "तुझ्या साडीला खडूचा वास आहे. असा नेहमीच येत होता?" मी म्हटलं नोकरीला लागल्यापासून.

भाजी खारट झाली म्हणाले. आजवर ताटात वरून मीठ घेणारा माणूस! मला राग यायला हवा होता, पण आला नाही. उद्यापासून मीठ कमी.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. विहारात वंदना यांनीच सांगितली. गेल्या वर्षी पंचशील म्हणताना मध्ये तीनदा थांबले होते, खोकत होते, शेवटी यांच्या फॅक्टरीतल्या गुलाबरावांनी पुढचं म्हटलं. आज अथपासून इतिपर्यंत, एका लयीत. आवाज मोकळा. मी बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते. पार्वताबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अंबादासचा गळा तर पार बदलला व. का खाऊ घालून राहिली त्याले?" पार्वताबाई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे उन्हाळ्यात गारा.

घरी यायला मात्र रिक्षा करावी लागली. वळणापर्यंतही चालवत नाही, पोटरीत गोळा येतो. बसतात, मग उठतात.

१९ डिसेंबर

काही समजत नाही. खोकला गेला, रात्री शांत झोपतात (पाय दुखून जाग येते ते सोडून), भूक वाढली, तोंडावर तकाकी आली. गुलाबराव म्हणतात पाच वर्षांनी तरुण दिसतो. सगळं अंग सुधारतंय, आणि हा एक पाय सासरी नांदायला न आलेल्या सुनेसारखा रुसून बसलाय. बर्फासारखा थंड. करंगळीची जखम शेजारच्या बोटावर गेली.

डॉक्टर आज माझ्या एकटीशी बोलले. "मैडम, ये छुप के पी रहे हैं. छोड़ने वाले का पैर ऐसा नहीं रहता." मी ताडकन म्हटलं, सर, मैं टीचर हूँ, झूठ पकड़ना मेरा रोज का काम है, ये नहीं पीते. डॉक्टर नुसते हसले. त्यांचं ते हसणं घरापर्यंत माझ्यासोबत आलं.

३ जानेवारी १९९४

करंगळी काळी. शेजारचं बोट अर्धं काळं. दवाखान्यात भरती केलं. थंडी मरणाची.

७ जानेवारी

दोन बोटं काढली.

हे रडले नाहीत. मीच रडले, जिन्याखाली जाऊन. वर आले तर म्हणतात, "चप्पल आता सैल होईल नाही?" असल्या वेळी थट्टा सुचते या माणसाला. सकाळी तोंड धुवायचं सामान मागितलं. पंचा, तांब्या, डबी. सगळं नेऊन दिलं.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन, बुंदी, पोरांची कवायत. तिथून तशीच दवाखान्यात. कापलेल्या जागेची पट्टी उघडली तेव्हा मी समोर होते. पांढरट, ओली, कडा काळसर. जशीच्या तशी. डॉक्टर म्हणाले, महिनाभर बघू. नाहीतर गुडघ्याखालून.

गुडघ्याखालून. हे शब्द मी दिवसभर पोटात घेऊन फिरतेय. अंबादास फॅक्टरीत उभ्यानं काम करतो. सायकल चालवतो. विहाराच्या छतावर चढून निळा झेंडा लावतो. एक्केचाळीस वर्षांचा आहे.

आणि मग पुन्हा तेच – "ये कहीं न कहीं से तंबाकू ले रहे हैं. आप पता कीजिए."

३० जानेवारी

परवा यांना घरी आणलं, आणि आता पोलीस झाले आहे मी. आज यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे उलटे केले. गादीखाली पाहिलं, पाण्याच्या टाकीमागं पाहिलं, सायकलच्या सीटच्या खाली बोट घालून पाहिलं. यांच्या तोंडाचा वास घेतला – गुडाखूचा वास, बाकी काही नाही. प्रतिमा मागून बघत होती. "मम्मी, पापा झूठ नहीं बोल रहे. क्यों कर रही हो ऐसा?" मी म्हटलं तू आत जा.

संध्याकाळी गुलाबरावांना गाठलं. दवाखान्यात रोज तेच येऊन बसत होते. चांगलं झापलं. ते बिचारे उभेच राहिले. "वहिनी, काहून असं बोलून राहिल्या? मी त्याच्यासमोर आपली बिडीसुद्धा काढत नाही. गेटवर त्याले पाहिलं की विझवतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहासुद्धा विचारला नाही.

यांना विचारलं, अगदी समोर बसून. "माझ्याकडे पाहून सांगा. बिडी पिता?" माझ्याकडे पाहिलं. "नाही नंदा. त्या दिवसापासून एक नाही." मला खोटं वाटलं नाही. मग पाय का सडतो?

४ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

आज शाळेतून येताना साहूजींच्या किराणा दुकानात गेले. मनात आलं, हा देत असेल उधारीवर बंडल. सगळ्यांसमोर विचारलं – सच बताओ भैया, हमारे इनको बीड़ी देते हो? साहूजी तराजू धरून तसेच थांबले. "राम राम दीदी, भाई साहब तो कब से नहीं आए. तंबाकू के नाम पर आपके घर तो बस गुडाखू जाता है. वही एक डिब्बी जाती थी, अब दो जाती हैं."

मी म्हटलं, गुडाखू तो मंजन है.

साहूजी हसले. कुत्सित नाही, लहान मुलाला हसतात तसं. बरणीमागून डबी काढून उलटी करून माझ्या हातात दिली. पुढे मोठ्या अक्षरात दात आणि हिरड्या. मागे, मुंगीएवढ्या अक्षरात, पहिलाच शब्द – तंबाकू. मग गूळ, मग बाकीचं.

आयुष्यभर घासते. हजार वेळा हातात घेतली असेल. पोरांना सांगते, छापलेलं प्रत्येक अक्षर वाचावं, पुडीचा कागद वाचावा. आणि ही डबी कधी उलटी करून पाहिली नाही. का पाहीन? आई घासायची. आजी घासायची. आपल्या घरच्या मंजनाची मागची बाजू कोण वाचतं? शाळेत "बगल में छोरा, शहर में ढिंढोरा" शिकवते. मराठीत काखेत कळसा. माझा कळसा माझ्याच काखेत होता, आणि मी गुलाबरावांना रडवून आले.

बिडी सोडवली, आणि तंबाखू माझ्या हातानं, सकाळ-संध्याकाळ, बोटावर किती घ्यायची ते दाखवून दिली. दवाखान्यातही नेऊन दिली. बोटं कापल्याच्या दिवशी.

५ फेब्रुवारी

डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, नसेला धुराशी देणंघेणं नाही, तंबाखूशी आहे. धूर बंद झाला म्हणून छाती सुधारली, पण तंबाखू चालूच होती म्हणून पाय नाही. "अब सचमुच बंद कीजिए. देर हुई है, पर शायद बहुत देर नहीं."

मग यांना सांगितलं. खाटेवर पडून होते. मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, साहूजी, डबी, मागचा कागद. शेवटी म्हटलं, तुमची बोटं मी खाल्ली.

हे भिंतीकडे वळले. म्हणाले, "अच्छा." मग म्हणाले, "जाऊ दे. रडू नको."

एक शब्द नाही रागाचा. दुसरा कोणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. असा माणूस मिळाला मला, आणि मी त्याला काय दिलं!

दोन्ही डब्या नाल्यात टाकल्या. माझीही. घरात एक डबी राहिली तरी यांचा हात जाईल.

९ फेब्रुवारी

डोकं फुटतंय. पोट दगड. चौथीच्या वर्गात डस्टर इतक्या जोरात आपटलं की पहिल्या बाकावरची पोरं पांढरी झाली, खडूनं आणि भीतीनंही. यांना नोव्हेंबरमध्ये मी काय काय बोलले होते! "एवढीशी कांडी सोडवत नाही, पुरुष म्हणवता?" आता कळतंय. कांडी एवढीशी नसते.

हे खाटेवरून मला शिकवतात. "पहिला आठवडा वाईट असतो. तोंडात लवंग ठेव. हाताला काम दे." सकाळी उठून पंगत वाढल्यासारखं दोघांसाठी गरम पाणी, दोघांसाठी इसबगोल. प्रतिमा म्हणते घराचं हॉस्पिटल झालं.

२१ फेब्रुवारी

रात्री न उठता झोपले हे. पायानं उठवलं नाही. सकाळी मीच उठवलं, श्वास चालतोय ना पाहायला.

८ मार्च

पट्टी उघडली. पांढरट होतं तिथं लाल. डाळिंबाच्या दाण्यासारखं. मी घाबरून डॉक्टरांकडे पाहिलं तर ते चष्मा वर करून बघत होते. "ये लाल ही तो चाहिए था, मैडम." गुडघ्याखालची गोष्ट काढली नाही. मी विचारलीही नाही. विचारलं तर त्यांना आठवेल असं वाटलं. एवढी शिकलेली बाई मी, आणि मनात असले विचार.

दोन बोटं मात्र परत येणार नाहीत. नोव्हेंबरमध्ये डबी दिली नसती तर हाच लाल रंग डिसेंबरमध्ये दिसला असता. हिशोब सोपा आहे, रोज होतो, रोज तोच येतो.

१७ मार्च

आज हरले.

मधल्या सुट्टीत शाळेतल्या एका बाईंनी डबी काढली. मी म्हटलं नको. मग म्हटलं बोटाच्या टोकावर. स्वर्ग! आणि लगेच उलटीसारखं झालं. घरी येऊन तोंड धुतलं, बडीशेप खाल्ली, दुरूनच बोलले. हे खाटेवर, मी ओट्यापाशी. तिथूनच म्हणाले, "नंदा, घासून आली काय?" यांचं नाक आता कुत्र्यासारखं झालंय. मी रडायला लागले. हे काठी टेकत उठले, माझ्यापर्यंत आले. बोटं काढल्यापासून एवढं पहिल्यांदाच चालले, तेही माझ्या पापासाठी.

"होतं असं. उद्यापासून पुन्हा," म्हणाले. मग कायसं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं काय? "काही नाही. चहा ठेव."

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. प्रतिमानं निळी ओढणी घेतली. हे काठी घेऊन, खास शिवलेली चप्पल घालून मिरवणुकीत चौकापर्यंत चालले. पोटरीत गोळा आला नाही. मी मागून यांच्या पायाकडेच बघत चालत होते. मिरवणूक काय पाहिली मला विचाराल तर एक डावा पाय पाहिला.

घरी आल्यावर चप्पल काढली, हात लावला. गरम! उन्हानं असेल म्हणून थोड्या वेळानं पुन्हा लावला. गरमच. दोन्ही पाय सारखे. दोन्ही हातांत धरून बसून राहिले. प्रतिमा म्हणाली, "मम्मी, अब छोड़ो भी."

१० मे

जखम भरली. पूर्ण. गुलाबी कातडी आली. डॉक्टर म्हणाले पाय वाचला, पण जन्मभर एक कण नाही, धुरातून नाही, तोंडातून नाही. यांना पुढच्या महिन्यापासून फॅक्टरीत बसून करायचं काम मिळेल.

मलाही बरं वाटतंय म्हणावं लागेल. हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला, तोंडाची आग झाली नाही. कितीतरी वर्षं होत होती, मला वाटायचं वय. हिरड्या घट्ट झाल्या. सकाळी डोकं आपलं आपण हलकं असतं.

पण दारात यांची चप्पल असते. डाव्या चपलेत कापसाचा बोळा आहे. रोज सकाळी तो मीच बसवते.

२५ मे, बुधवार

बुद्धपौर्णिमा. विहार गच्च. पार्वताबाईंनी मला "बालिकाओं की शिक्षा" यावर दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. भाषण लिहून नेलं होतं. त्याआधी सगळ्यांनी पंचशील घेतलं. पाचवं शील – नशा आणणाऱ्या, बेहोश करणाऱ्या वस्तूंपासून दूर राहीन. लहानपणापासून म्हणते, दारूच डोळ्यांसमोर येते. आज माझीच डबी आली.

उभी राहिले आणि भाषण बाजूला ठेवलं. सांगितलं सगळं. की माझ्या नवऱ्याची दोन बोटं गेली ती बिडीनं नाही, ती मी घालवली. दंतमंजन समजून तंबाखू मी माझ्या हातानं दिली. डॉक्टर विचारत होते, मी छाती काढून सांगत होते की हे घेत नाहीत. तुमच्या घरच्या डबीची मागची बाजू वाचा. वाचता येत नसेल तर माझ्याकडे आणा.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका एकमेकींकडे बघत होत्या. पुरुषांच्या बाजूला हे बसले होते ते मध्येच उठून बाहेर गेले. पाय दुखला असेल, जमिनीवर इतका वेळ बसायची सवय नाही. खाली बसले तर पार्वताबाई कानाशी म्हणाल्या, "मास्तरीण, हे सांगाले बुद्धपौर्णिमाच भेटली तुले?" नाराज होत्या. त्यांच्या हिरड्या माझ्याहून काळ्या आहेत.

खीर वाटताना हे दिसले. बाहेर पिंपळाखाली उभे. खीर घेतली नाही.

२६ मे

दुपारी दारावर टकटक. पार्वताबाई! पदराखालून डबी काढली. "वाचून तर दाखव. मी चष्मा नाही आणला." चष्मा गळ्यात लोंबत होता. मी वाचलं. त्यांनी ऐकलं, डबी पुन्हा पदराखाली घेतली, पाणी प्यायल्या, गेल्या. टाकतील की घासतील, कोण जाणे.

यांनी दिवसभर पेपरही उघडला नाही. जेवण अर्धं.

२८ मे, शनिवार

सकाळी अंगणात यांच्या पायाला खोबरेल तेल लावत होते. प्रतिमा आंघोळीला गेली होती. हे म्हणाले, "नंदा, मला पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"काय?"

"डबीत काय आहे ते. इतकी वर्षं बिडी पिऊन राहिलो मी. हिरडीवर ठेवल्याबरोबर डोक्यात चढली. तुला माहीत नाही, हेही समजलं. सांगितलं असतं तर तू डबी घेतली असतीस. म्हणून नाही सांगितलं. बोटं गेली तरी नाही. तू खाली बसून रडून राहिली होती, तेव्हाही नाही. परवा सगळ्यांसमोर तू आपल्यावर घेतलंस, मग मला तिथं बसवलं नाही."

राग आला. असा, की तेलाची वाटी फेकून मारावी. आणि फेब्रुवारीपासून छातीवर घेऊन फिरले तो दगड त्याच क्षणी उतरला. त्याचाही राग आला.

डावा पाय झाला, उजवा घेतला. तो पण झाल्यावर हात पदराला पुसले. म्हटलं, "उद्या रविवार आहे. वंदनेला सगळे येतील. उद्या तुम्ही बोला."

"हो," म्हणाले.